मनातलं दान कागदावर आणूया

चुलीवर दूध ठेवलं असेल तर आधी उतरवून घ्या आणि मग निवांत बसा. आजचा विषय घाईत ऐकायचा नाही.

आमच्या बचत गटात एक आजी होत्या. नवरा तरुणपणीच गेला, मूलबाळ नव्हतं. दोन म्हशी पाळल्या, डेअरीला दूध घातलं, कुणापुढं हात पसरला नाही. थोडं थोडं करून बँकेत ठेव जमवली. स्वतःची शाळा चौथीत सुटली, त्याची खंत त्यांना शेवटपर्यंत होती. तालुक्याच्या गावी गरीब घरच्या मुलींसाठी एका संस्थेनं चालवलेलं वसतिगृह आहे. तिथल्या मुलींबद्दल आजी फार आपुलकीनं बोलायच्या. आमच्या गटात हळदी-कुंकवाला सगळ्याच बायकांना मानानं बोलावतात, नवरा असो वा नसो. दर संक्रांतीला तिथं आजी म्हणायच्या, "माझ्या मागं माझी निम्मी ठेव त्या पोरींना द्या गं." आम्ही माना डोलवायचो.

आजी गेल्या. तेरावं झाल्यावर आम्ही चौघी त्यांच्या घरी बोलायला गेलो. पुतण्यानं आमचं ऐकून घेतलं, चहा दिला आणि एकच विचारलं, "काकूंनी कुठं लिहून ठेवलंय का?"

लिहून ठेवलेलं काहीच नव्हतं. सगळी ठेव पुतण्यांकडे गेली. त्यांनी यात काही चुकीचं केलं नाही. हिंदू वारसा कायदाच तसा आहे. नवरा आणि मूलबाळ नसलेल्या बाईनं स्वतः कमावलेला पैसा, मृत्युपत्र नसेल तर, आधी नवऱ्याच्या वारसांकडे जातो. माहेरची माणसंसुद्धा त्यानंतर येतात. मग वसतिगृहाचा नंबर कुठून लागणार?

चूक आमची होती. गटाच्या प्रत्येक बैठकीचं इतिवृत्त लिहिणाऱ्या आम्ही. शंभर रुपयांच्या कर्जाचीसुद्धा नोंद ठेवतो. पण इतक्या वर्षांत आमच्यातल्या एकीलाही वाटलं नाही, की म्हणावं, "आजी, चला, हे लिहून ठेवूया." म्हणून आज बोलायचं आहे ते ठरवून केलेल्या दानाबद्दल. चांगल्या कामाला काही द्यायची इच्छा असेल तर ते कोणत्या वाटेनं द्यावं, कागद कोणता करावा, आणि देताना आपलं म्हातारपण उघडं कसं पडू देऊ नये, हे पाहूया.

ही रीत आपलीच आहे

दान म्हटलं की मोठे शेठ-सावकार डोळ्यांसमोर येतात. पण ठरवून, नेमानं देण्याची रीत आपल्या स्वयंपाकघरातलीच आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली. वसतिगृहातल्या मुलांना जेवू घालायला पैसा नव्हता, तेव्हा मुष्टिफंड सुरू झाला. घरातल्या बाईनं स्वयंपाकाआधी मूठभर धान्य बाजूला काढायचं आणि ते साठवून मुलांसाठी द्यायचं. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी तर वसतिगृहातली पोरं उपाशी राहू नयेत म्हणून अंगावरचे दागिने मोडले. पुण्याजवळ हिंगण्याला महर्षी कर्व्यांनी उभ्या केलेल्या स्त्रीशिक्षणाच्या संस्थेसाठी भाऊबीजेच्या निमित्तानं निधी गोळा करण्याची प्रथा पडली, ती पिढ्यान्‌पिढ्या चालली.

म्हणजे दान मोठं असावंच लागतं असं नाही. ते ठरलेलं असावं लागतं. संस्थेला मूठभर धान्य रोज येणार हे माहीत असेल, तर ती त्यावर एका मुलाचं वर्ष आखू शकते.

आधी पाहूया, आपलं काय आहे

जे आपलं आहे तेच आपल्याला देता येतं. नवऱ्याच्या नावावरचं घर आपण दान करू शकत नाही, मग त्या घराला आपण चाळीस वर्षं सारवलेलं असो. म्हणून पहिलं काम म्हणजे एक यादी करायची. बँकेतली खाती आणि ठेवी कोणाच्या नावावर आहेत? सातबाऱ्यावर आपलं नाव आहे का? ग्रामपंचायतीच्या नमुना आठवर घर कोणाच्या नावावर लागलं आहे? अंगावरचे दागिने कोणते?

हिंदू वारसा कायद्यानं १९५६ पासून बाईच्या मालकीची मालमत्ता तिची पूर्ण स्वतःची मानली आहे. लग्नात मिळालेलं स्त्रीधन, स्वतः कमावलेला पैसा, वारशानं वाट्याला आलेला हिस्सा, हे सगळं त्यात येतं. त्याचं काय करायचं ते ती स्वतः ठरवू शकते. एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत मात्र फक्त आपल्या हिश्श्यापुरतंच बोलता येतं. मुस्लिम मैत्रिणींसाठी नियम वेगळा आहे. अंत्यविधीचा खर्च आणि देणी भागवून जे उरेल, त्याच्या एक तृतीयांशापर्यंत मृत्युपत्रानं देता येतं. त्याहून जास्त द्यायचं तर वारसांची संमती लागते.

यादी झाली की दुसरा प्रश्न स्वतःला विचारा. मी ऐंशी-नव्वद वर्षं जगले तर मला किती लागेल? दवाखाना, औषधं, डोक्यावरचं छप्पर. ते बाजूला काढून जे उरेल त्यातूनच दान करायचं. आपण म्हातारपणी कुणाच्या दारात उभ्या राहिलो, तर ज्या संस्थेला दिलं तिलाही त्याचा आनंद होणार नाही.

पहिली वाट: थोडं, पण नेमानं

सगळ्यात सोपी वाट हीच. दर महिन्याला किंवा वर्षाच्या ठरलेल्या दिवशी ठरलेली रक्कम द्यायची. सासूबाईंच्या वर्षश्राद्धाला, नातीच्या वाढदिवसाला, सुगी झाल्यावर. बँकेला एकदा लेखी सूचना दिली की दर महिन्याला पैसे आपोआप संस्थेच्या खात्यात जातात आणि नको वाटेल तेव्हा ते थांबवताही येतात.

गटानं मिळूनही हे करता येतं. पंधरा जणींनी महिन्याला वीस-वीस रुपये काढले तर वर्षाला ३,६०० रुपये होतात. एवढ्यात एक-दोन मुलींच्या वह्या-पुस्तकांचा भार हलका होतो. फक्त एक पथ्य पाळायचं. गटाची बचत ही सगळ्या सभासदांची असते, तिला दानासाठी हात लावायचा नाही. दानाची वर्गणी वेगळी काढायची, ती ऐच्छिक ठेवायची, बैठकीत ठराव करायचा आणि इतिवृत्तात लिहायचा. जिला जमत नाही तिच्याकडे कुणी वाकडं बघायचं नाही.

दुसरी वाट: कायम ठेव

काहीजणींना वाटतं, दिलेला पैसा एका वर्षात संपून जाऊ नये. त्यांच्यासाठी कायम निधीची वाट आहे. रक्कम संस्थेकडे ठेव म्हणून राहते आणि फक्त व्याज वापरलं जातं. समजा पन्नास हजार रुपये दिले आणि व्याज सात टक्के धरलं, तर वर्षाला ३,५०० रुपये येतात. दरवर्षी एका मुलीला आईच्या नावानं मदत करायची असेल, तर ही वाट चांगली. व्याजाचे दर खाली-वर होतात आणि महागाई वाढते, हे मात्र लक्षात ठेवायला हवं. आजचे ३,५०० रुपये वीस वर्षांनी तेवढेच राहतील, पण त्यांत वह्या कमी येतील.

इथं पत्र महत्त्वाचं. नुसते पैसे देऊन "कायम ठेवा बरं का" असं सांगून भागत नाही. "ही रक्कम संस्थेच्या कायम निधीत जमा करावी, मुद्दल खर्च करू नये, व्याज मुलींच्या शिक्षणासाठी वापरावं" असं लिहून द्यायचं आणि संस्थेनं ते मान्य केल्याचं पत्र घ्यायचं. दान देताना अट घालण्यात कमीपणा नाही. सर विठ्ठलदास ठाकरसींनी १९२० साली कर्व्यांच्या महिला विद्यापीठाला पंधरा लाख रुपये देऊ केले, तेही अटी घालूनच. विद्यापीठाला आपल्या आईचं नाव द्यावं ही त्यातली एक. म्हणून आज ते विद्यापीठ श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी यांच्या नावानं ओळखलं जातं. आपली अट लहान असेल, पण ती कागदावर असू द्या.

तिसरी वाट: जिवंतपणी बक्षीसपत्र

आपल्या हयातीतच घर किंवा जागा संस्थेला द्यायची असेल तर बक्षीसपत्र करावं लागतं. ते दुय्यम निबंधक कार्यालयात नोंदवावंच लागतं, त्यावर दोन साक्षीदार लागतात, आणि आपण हयात असतानाच संस्थेनं ते स्वीकारावं लागतं. पैसे किंवा दागिने देताना नोंदणीची सक्ती नाही. हातात दिले की दान पूर्ण झालं. पण दागिन्यांचं वजन लिहिलेली पावती घेतल्याशिवाय उठायचं नाही.

मैत्रिणींनो, या वाटेवर पाऊल टाकण्याआधी तीनदा थांबा.

एकदा थांबा, कारण बक्षीसपत्र एकदा झालं की नुसतं मन बदललं म्हणून परत घेता येत नाही. घर दिलं म्हणजे दिलं.

दुसऱ्यांदा थांबा, कारण राहायला आपल्याला जागा लागणार आहे. "माझ्या हयातीपर्यंत या घरात राहण्याचा आणि त्याचा उपभोग घेण्याचा हक्क मी राखून ठेवला आहे" असं बक्षीसपत्रातच लिहिता येतं. असा हक्क राखून केलेलं बक्षीसपत्र सर्वोच्च न्यायालयानंही ग्राह्य धरलं आहे. हे वाक्य नसेल तर सही करू नका.

तिसऱ्यांदा थांबा ते शेतजमिनीपाशी. आपल्या राज्यात शेतकरी नसलेल्याला शेतजमीन विकता किंवा बक्षीस देता येत नाही. त्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. संस्था ही बहुतेक वेळा शेतकरी नसते. मृत्युपत्रानं द्यावी म्हटलं तरी अडचण सुटेलच असं नाही. गुजरातमधल्या अशाच कायद्याबद्दल सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये सांगितलं, की मृत्युपत्रानंसुद्धा ही बंदी ओलांडता येत नाही. तेव्हा जमीन द्यायचं मनात असेल तर आधी तहसील कार्यालयात आणि वकिलाकडे विचारा. मुद्रांक शुल्क किती पडेल तेही विचारा. मुलाबाळांना घर बक्षीस देताना जी सवलत मिळते, ती संस्थेला देताना तशीच मिळेल असं धरून चालू नका.

चौथी वाट: मृत्युपत्र

आमच्या आजींसाठी हीच वाट योग्य होती. हयातीत सगळं आपल्याच हातात राहतं. दवाखान्याला पैसा लागला तर खर्च करता येतो, मन बदललं तर मृत्युपत्र बदलता येतं. शेवटी जे केलेलं असेल ते खरं. दान होतं ते आपल्या मागं.

मृत्युपत्र म्हटलं की घरात एकदम शांतता पसरते. "असं अभद्र काय बोलतेस?" असं म्हणतात. पण मृत्युपत्र केल्यानं कुणी लवकर जात नाही, आणि न केल्यानं कुणी मागं राहत नाही.

करायला ते अवघडही नाही. साध्या कागदावर चालतं, स्टँपपेपर लागत नाही. लिहिणारी सज्ञान आणि शुद्धीत असावी. तिनं सही किंवा अंगठा करायचा, तो दोन साक्षीदारांच्या समोर, आणि त्या दोघांनी तिच्या समोर सह्या करायच्या. साक्षीदारांना आतला मजकूर वाचून दाखवायची गरज नाही. ज्याला मृत्युपत्रातून काही मिळणार आहे, त्याला साक्षीदार करू नका. म्हणजे संस्थेचा माणूसही साक्षीदार नको. नोंदणीची सक्ती नाही, पण दुय्यम निबंधक कार्यालयात नोंदवलेलं बरं. कागद हरवायची भीती राहत नाही. वय जास्त असेल तर "शुद्धीत आहेत" असा डॉक्टरांचा दाखला जोडून ठेवा.

मजकूर साधारण असा असतो: "मी अमुक, वय इतकं, राहणार अमुक, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दबावाशिवाय हे मृत्युपत्र करत आहे. यापूर्वीचं मृत्युपत्र असल्यास ते रद्द समजावं. अमुक बँकेच्या अमुक शाखेत माझ्या नावावर असलेल्या ठेवींतून माझा दवाखाना, अंत्यविधी आणि देणी भागवून जी रक्कम उरेल, तिचा निम्मा भाग अमुक संस्थेला, धर्मादाय नोंदणी क्रमांक अमुक, मुलींच्या शिक्षणासाठी द्यावा. निम्मा भाग माझ्या पुतण्यांना समान द्यावा. ती संस्था त्या वेळी चालू नसेल तर तसंच काम करणाऱ्या दुसऱ्या नोंदणीकृत संस्थेला द्यावा."

यातल्या तीन गोष्टी नीट पाहा. रकमेचा आकडा न लिहिता हिस्सा लिहिला आहे. ठेव कमी-जास्त झाली तरी हिशोब बिघडत नाही. संस्थेचं पूर्ण नाव आणि नोंदणी क्रमांक आहे, कारण एकाच नावाच्या दोन संस्था असू शकतात. आणि संस्था बंद पडली तर काय, तेही लिहिलं आहे. याशिवाय हे सगळं पार पाडणारी विश्वासातली एक व्यक्ती नेमायची. वकील तिला एक्झिक्युटर म्हणतात. तिला विचारून मगच तिचं नाव घाला आणि कागद कुठं ठेवला आहे तेही तिला सांगून ठेवा.

बँकेतल्या वारसदाराचं कोडं

"पण मी बँकेत वारसदाराचं नाव लावलंय की!" असं बऱ्याचजणी म्हणतात. आपण ज्याला वारसदार लावणं म्हणतो, ते म्हणजे नॉमिनी. बँक त्याच्या हातात पैसे देते, पण तेवढ्यानं तो मालक होत नाही. ज्यांचा हक्क आहे त्यांना पैसे पोचवणारा तो मधला माणूस. हक्क कोणाचा, हे मृत्युपत्रावरून ठरतं आणि मृत्युपत्र नसेल तर वारसा कायद्यावरून. शिवाय बँकेच्या ठेवीला नॉमिनी म्हणून माणसाचं नाव लागतं, संस्थेचं नाही. म्हणून संस्थेला ठेव द्यायची तर मृत्युपत्र हवंच. आणि नॉमिनी असा नेमा, जो मृत्युपत्राचा मान राखेल. विमा आणि पोस्टाच्या योजनांचे नियम वेगवेगळे आहेत, ते तिथं जाऊन विचारून घ्या.

संस्था पारखून घ्या

आपण बाजारात मडकंसुद्धा वाजवून घेतो, मग संस्था का नाही? आपल्या राज्यात धर्मादाय संस्थांची नोंदणी १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात होते. नोंदणीचं प्रमाणपत्र मागा. दरवर्षीचा तपासलेला हिशोब मागा. चांगली संस्था हे आनंदानं दाखवते. अशा संस्थेला आपली जागा-जमीन धर्मादाय आयुक्तांच्या परवानगीशिवाय विकता येत नाही, हे दान देणाऱ्यांना माहीत असलेलं बरं.

पण नोंदणी म्हणजे चांगुलपणाचा दाखला नव्हे. स्वतः जाऊन या. वसतिगृह असेल तर मुलींच्या पंगतीत बसा, न्हाणीघर बघा, मुलींशी बोला. पैसे संस्थेच्या नावानं चेकनं किंवा खात्यात द्या, कुणाच्या खासगी खात्यात कधीच नाही. पावती लगेच घ्या. घरात कुणी आयकर भरत असेल तर दानावरच्या सवलतीबद्दल विचारा. दोन हजारांच्या वर रोख दिलं तर ती सवलत मिळत नाही.

आणि कुणी घाई करत असेल, "आजच सही करा, कागद आम्हीच आणलाय" असं म्हणत असेल, तर त्याला पाणी द्या, चहा द्या, सही देऊ नका.

घरात सांगा

शेवटचं, पण अवघड. मुलांना, सुनांना, पुतण्यांना जिवंतपणी सांगा. "माझ्या कष्टाच्या पैशातला एवढा भाग मी मुलींच्या शिक्षणाला देणार आहे, उरलेला तुमचा." कुणी रुसेल, कुणी बोलेल. पण आपल्या तोंडून ऐकलेलं माणूस कधीतरी पचवतं. मेल्यानंतर कागदातून कळलं तर त्याला फसवल्यासारखं वाटतं आणि मग कोर्टाची पायरी चढायची वेळ येते.

पुढच्या बैठकीत गटात एवढंच करूया. प्रत्येकीनं आपल्या नावावर काय आहे याची यादी आणायची, आणि आपल्यातली जी सगळ्यात वयस्कर आहे तिला विचारायचं, "मावशी, तुमच्या मनात काय आहे? आणि ते कुठं लिहिलंय का?" लिहिलेलं नसेल तर वही आपल्याजवळ आहे, पेन आपल्याजवळ आहे. वकिलाचा सल्ला परवडत नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडे जा. बायकांना तिथं मोफत कायदेशीर मदत मिळते.

आमच्या आजींची ठेव त्या मुलींपर्यंत पोचली नाही. त्या वर्षापासून आमचा गट आजींच्या नावानं वीस-वीस रुपये काढतो आणि संक्रांतीला वसतिगृहात नेऊन देतो. ते आजींच्या ठेवीएवढं नाही, होणारही नाही. पण मुलींना आम्ही आजींची गोष्ट सांगतो, आणि परत येताना आमच्यातली एकेकजण वकिलाकडे जाऊन येते.

भेटूया पुढच्या कार्यक्रमात. काळजी घ्या मैत्रिणींनो.